कृत्तिका, पट्टा आणि एक लाख बारा हजार मैल

पत्र: "गेल्या वर्षी आम्ही ह्यूस्टनहून डेन्व्हरला आलो. मी रुग्णालयात काम करते, सकाळी सहाची पाळी असते. मागच्या हिवाळ्यात आमची सेडान उतारावर दोनदा घसरली, तेव्हापासून मनात धास्ती बसली आहे. एक सुबारू आउटबॅक पाहून ठेवली आहे. २०१२ ची, २.५ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक, १,१२,००० मैल झालेली. विकणारा साडेआठ हजार डॉलर म्हणतोय. चौकशी करायला गेले आणि डोकं भणाणलं. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण म्हणाले, 'हेड गॅस्केट जाणार म्हणजे जाणारच.' मंडळातली मैत्रीण म्हणते, 'सुबारू तेल पितात.' तिच्या भावाने गिअरबॉक्सची भीती घातली. शेजारच्या आजी मात्र दोन लाख मैल झालेली स्वतःची सुबारू दाखवून म्हणतात, डोळे मिटून घे. नवऱ्याला टोयोटाच हवी. आणि सांगलीहून सासरे फोनवर विचारतात, 'ही कुठली कंपनी? नाव कधी ऐकलं नाही.' कुणाचं ऐकू?"
(डेन्व्हरहून एक वाचक)

सासऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. नाव त्यांनी ऐकलं नसेल, पण ज्याचं ते नाव आहे ते त्यांनी जन्मभर पाहिलं आहे. कार्तिकात दिवेलागणीनंतर पूर्वेला चांदण्यांचा जो घट्ट झुबका वर येतो, त्या कृत्तिका. जपानीत कृत्तिकांना सुबारू म्हणतात. गाडीच्या नाकावर निळ्या लंबगोलात सहा तारे आहेत, एक मोठा आणि पाच लहान, ते हेच. आपल्याकडेही कृत्तिका सहाच मानतात, कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता. भारतात ही कंपनी गाड्या विकत नाही, त्यामुळे नाव सांगलीपर्यंत पोचलं नाही, एवढंच.

तारे सहा का, यात कंपनीचा अर्धा इतिहास आला. चिकुहेई नाकाजिमा नावाचा जपानी नौदलातला अभियंता १९१७ मध्ये नोकरी सोडून बाहेर पडला आणि गुन्मा प्रांतातल्या ओता गावच्या परिसरात त्याने विमानांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत नाकाजिमा कंपनी जपानच्या सर्वांत मोठ्या विमान कारखान्यांपैकी एक झाली होती. मित्सुबिशीने आखलेलं प्रसिद्ध 'झीरो' विमानसुद्धा मित्सुबिशीपेक्षा नाकाजिमानेच जास्त संख्येने बांधलं. युद्ध हरल्यावर विमानं बनवायला बंदी आली. हाताशी कसबी कामगार, यंत्रं आणि पडून राहिलेले सुटे भाग. मग १९४६ मध्ये या लोकांनी 'रॅबिट' नावाची स्कूटर काढली, आणि तिच्या पहिल्या नमुन्याला बॉम्बर विमानाचं शेपटीकडचं चाक बसवलं. पुढे कंपनीचे तुकडे पाडण्यात आले. त्यांतले पाच १९५३ मध्ये पुन्हा एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी राहिली. पाच लहान तारे ते, आणि मोठा तारा म्हणजे त्यांच्यातून झालेली नवी कंपनी. गाडीला सुबारू हे नाव दिलं पहिले अध्यक्ष केंजी किता यांनी. कंपनीने स्वतःचं नाव बदलून सुबारू केलं ते मात्र अगदी अलीकडे, २०१७ मध्ये.

हे सगळं तुम्हाला गाडी घेताना काय कामाचं? थोडं आहे. एक म्हणजे इंजिन. या कंपनीचं इंजिन आडवं असतं. सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना झोपलेले, आणि पिस्टन समोरासमोर ठोसे मारल्यासारखे हलतात, म्हणून त्याला बॉक्सर म्हणतात. १९६६ च्या सुबारू १००० पासून कंपनीने ही मांडणी धरून ठेवली आहे. वजन जमिनीलगत राहतं, गाडी वळणावर कमी झुकते. पण आडव्या इंजिनात हेड गॅस्केटच्या (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या सांध्यातून गळू नये म्हणून बसवलेल्या पातळ पत्र्याच्या) खालच्या कडेशी तेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, साचून राहतं. ऑफिसातल्या गृहस्थांच्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. तिकडे येतोच.

दुसरं म्हणजे चारही चाकांना मिळणारी ताकद. ही काही जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. जपानच्या ईशान्येला तोहोकू भागात बर्फ आपल्या कल्पनेबाहेर पडतं. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात डोंगरातल्या तारा तपासायला जीपमधून जावं लागायचं आणि जीपमध्ये थंडीने हाडं गोठायची. त्यांना हवी होती बंद, उबदार, साध्या मोटारीसारखी गाडी, पण जीपसारखी चारही चाकं ओढणारी. मियागी प्रांतातल्या सुबारू विक्रेत्याने एका व्हॅनला दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद पोचवणारा भाग) जोडून असा पहिला नमुना केला, आणि १९७२ मध्ये लिओने स्टेशन वॅगन चारचाकी ताकदीसह बाजारात आली. म्हणजे ही गाडी मुळात पहाटे बर्फातून कामावर जाणाऱ्या माणसासाठीच निघाली. तुमची सहाची पाळी लक्षात घेता मला हे बरं लक्षण वाटतं.

आता मालकांची मतं. आधी एक जुनी गोष्ट सांगतो. १९६८ मध्ये माल्कम ब्रिकलिन आणि हार्वी लॅम या दोघांनी सुबारू अमेरिकेत आणली. ती सुबारू ३६०, मागे बसवलेलं ३५६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, किंमत १,२९७ डॉलर. जपानमध्ये लोक तिला लाडाने 'लेडीबग' म्हणायचे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने १९६९ मध्ये तिला सरळ 'अस्वीकारार्ह' ठरवलं. त्याच कन्झ्युमर रिपोर्ट्सने डिसेंबर २०२४ मध्ये विश्वासार्हतेच्या यादीत सुबारूला सगळ्या ब्रँडांच्या वर, पहिल्या क्रमांकावर बसवलं. दोन्ही वेळा मासिक खरं तेच बोललं. गाड्या वेगळ्या होत्या.

तुमच्या आसपासच्या चारही सल्लागारांचं असंच आहे. कुणी खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या, नाहीतर आपल्या मेहुण्याच्या गाडीबद्दल बोलतो आणि ते सगळ्या सुबारूंना लावतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ते ठीक. पण तुम्हाला समोरच्या भांड्यात दूध आहे की ताक ते बघायला हवं. म्हणून यापुढे कुणी मत दिलं की दोनच प्रश्न विचारा: कुठल्या सालची गाडी, आणि कुठलं इंजिन?

हेड गॅस्केट घ्या. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सुबारूने अमेरिकेत जे २.५ लिटरचं इंजिन दिलं, त्याचं घराणं ईजे. या घराण्याची हेड गॅस्केट गळण्याची ख्याती खरीच आहे. १९९९ ते २००२ च्या सुमाराच्या गाड्यांसाठी कंपनीने गळती आवरायला कूलंटमध्ये ओतायचं एक द्रव्यही दिलं होतं. वर्षागणिक गॅस्केट सुधारत गेलं, तक्रारी कमी झाल्या, संपल्या मात्र नाहीत. तुमची २०१२ ची आउटबॅक याच घराण्यातली, शेवटच्या वर्षातली आहे. त्यामुळे ऑफिसातल्या गृहस्थांचं म्हणणं तुमच्या गाडीला लागू पडतं, फक्त 'जाणारच' हा शब्द काढून टाका.

तेल पिण्याची गोष्ट दुसऱ्याच इंजिनाची. ईजेच्या जागी एफबी नावाचं नवं इंजिन आलं, फॉरेस्टरमध्ये २०११ पासून आणि आउटबॅकमध्ये २०१३ पासून. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत काही गाड्या खरंच तेल खायच्या. प्रकरण न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने त्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी वाढवून दिली. २०११ ते २०१४ ची फॉरेस्टर, २०१३ ची आउटबॅक, लेगसी आणि क्रॉसट्रेक, २०१२-१३ ची इम्प्रेझा अशी ती यादी होती. २०१२ ची आउटबॅक तीत नाही. तरी एक लाखावर मैल झालेलं कुठलंही इंजिन थोडंफार तेल घेतंच, डिपस्टिक पाहायची ती पाहायचीच.

गिअरबॉक्सबद्दल मात्र मैत्रिणीच्या भावाला कान द्या. २०१० च्या आउटबॅकपासून कंपनीने साखळीवर चालणारा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. २०१० ते २०१५ च्या सीव्हीटींच्या तक्रारी इतक्या आल्या की कंपनीने त्यांची वॉरंटी वाढवून दहा वर्षं किंवा एक लाख मैल केली. तुमच्या गाडीची वर्षंही उलटली आणि मैलही. म्हणजे हा गिअरबॉक्स बिघडला तर खर्च तुमच्या पर्समधून, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सहज जाऊ शकतो. मला विचाराल तर या व्यवहारातली खरी जोखीम ही आहे, हेड गॅस्केट नाही.

आणि शेजारच्या आजी? त्यांची गाडी दोन लाख मैल चालली याचा मला आनंद आहे. पण ज्यांची लाखातच भंगारात गेली, ते लोक अंगणात गाडी दाखवायला उभे नसतात. शिवाय सुबारूचे मालक हा जरा भक्तसंप्रदाय आहे. १९९०च्या दशकात कंपनीने शोध घेतला की या चारचाकी ताकदीच्या गाड्या नेमकं कोण जास्त घेतं. पाच गट निघाले: शिक्षक, आरोग्यसेवेतले लोक, संगणक क्षेत्रातले लोक, डोंगरदऱ्यांत भटकणारे आणि लेस्बियन स्त्रिया. कंपनीने यांच्याशी थेट बोलणाऱ्या जाहिराती केल्या. त्यातल्या समलिंगी ग्राहकांसाठी केलेल्या जाहिराती त्या काळात धाडसाच्या ठरल्या आणि त्या मालकांनी ब्रँडवर लावलेला जीव आजही ओसरलेला नाही. जीव लावलेल्या माणसाचं मत घ्यावं, गाडी मात्र मेकॅनिककडून तपासून घ्यावी. (रुग्णालयातल्या नोकरीमुळे तुम्हीही आपसूक त्या यादीत आहात, आणि नवरा संगणकवाला असेल तर घरातून दोघं.)

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट तुम्हाला कुणीच सांगितलेली दिसत नाही, आणि पत्र वाचताना माझी नजर तिथेच अडकली. १,१२,००० मैल. ईजे इंजिनात साखळी नसते, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट असतो, आणि कंपनी तो १,०५,००० मैलांना किंवा १०५ महिन्यांना, जे आधी येईल तेव्हा, बदलायला सांगते. १०५ महिने म्हणजे पावणेनऊ वर्षं. तुमची गाडी दोन्ही रेषा ओलांडून गेली आहे. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन संपतं. कुरकुर नाही, पूर्वसूचना नाही. पट्टा, त्याला फिरवणाऱ्या-ताणून धरणाऱ्या कप्प्या (आयडलर, टेन्शनर) आणि पाण्याचा पंप एकत्र बदलायला साधारण हजार डॉलरच्या आसपास लागतात. तेव्हा विकणाऱ्याला पहिला फोन याच एका गोष्टीसाठी करा: पट्टा बदलल्याची पावती आहे का? पावती. 'बदललाय बहुतेक' याला पावती म्हणत नाहीत.

पावती असो वा नसो, गाडी बघायला जाल तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड ठेव, आम्ही येण्याआधी सुरू करू नकोस. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का तापवली ते विचारा. मग डिपस्टिक ओढा, पुसा, परत घाला, पुन्हा ओढा. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालकाने गाडीकडे किती लक्ष दिलं ते कळलं. टॉर्च घेऊन खाली वाका आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, जिथे ब्लॉकला हेड जोडलेलं असतं त्या सांध्याखाली, ओल आहे का पाहा. कूलंटचा वास गोडसर असतो, एकदा घेतला की विसरत नाही. गाडी चालवताना रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरा. गाडी अडखळत, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालली तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या क्लचमध्ये गडबड आहे. सिग्नलला थांबताना इंजिन थरथरून बंद पडू पाहतंय का, हेही बघा. ते सीव्हीटीच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागात) बिघाड असल्याचं लक्षण असू शकतं. आणि हे सगळं करूनही दीड-दोनशे डॉलर खर्चून सुबारूच दुरुस्त करणाऱ्या एखाद्या स्वतंत्र गॅरेजमध्ये तपासणी करवून घ्या. विकणारा त्याला नाही म्हणाला तर नमस्कार करून घरी या.

टायरबद्दल जरा रेंगाळतो, कारण तुम्ही घसरलात ते मुळात टायरवर. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून सुटते आणि चढ चढते. थांबते मात्र टायरच्या जोरावर, आणि उतारावर तुम्हाला थांबायचंच असतं. डेन्व्हरहून डोंगरात जाताना आय-७० महामार्गावर सप्टेंबर ते मे या काळात कोलोरॅडोचा नियम आहे: टायरच्या खाचा निदान ३/१६ इंच खोल हव्यात, चारही चाकं ओढणारी गाडी असली तरीसुद्धा. पेनी उलटी घालून लिंकनचं डोकं बुडतंय का बघायची घरगुती चाचणी इथे पुरत नाही, ती २/३२ इंचच मोजते. चार डॉलरचं खोली मोजायचं माप घ्या आणि चारही टायर मोजा.

चारही, कारण या गाड्यांना चारही टायर सारखे झिजलेले लागतात. एक टायर बाकीच्यांपेक्षा नवा असला की त्याचा घेर मोठा, म्हणून तो कमी फेरे मारतो. मग ताकद वाटणारा क्लच दिवसभर हा फरक मिटवत बसतो आणि तापतो. मी मिनेसोटात असताना माझ्या चारचाकी ताकदीच्या गाडीच्या एका टायरमध्ये अगदी कडेला खिळा घुसला. बाकीचे तीन अर्धे झिजलेले. टायरवाल्याने दोन पर्याय दिले: चारही नवे घ्या, नाहीतर एक नवा घेऊन तो बाकीच्यांइतका तासून घ्या. मी तासून घेतला. कोरी वस्तू विकत घेऊन ती झिजवायला वेगळे पैसे मोजायचे, हे आईला फोनवर समजावताना माझी जी फजिती झाली ती जाऊ द्या. तुमच्या आउटबॅकवर वेगवेगळ्या बनावटीचे किंवा कमीजास्त झिजलेले टायर दिसले, तर चार नव्या टायरांचे पैसे हिशोबात धरा आणि गोल फिरण्याची ती परीक्षा दोनदा घ्या.

आता नवरा आणि टोयोटा. त्यांचं चूक नाही. तेवढ्याच मैलांची टोयोटा घेतली तर गिअरबॉक्सची धाकधूक कमी राहील हे मी नाकारत नाही. पण त्याच पैशात टोयोटा बहुधा जास्त जुनी किंवा जास्त पळालेली मिळेल, कारण ही माहिती बाजारालाही आहे. दोघांनी बसून एकच हिशोब करा: आउटबॅकची किंमत अधिक पट्टा अधिक टायर, आणि समोर त्या रकमेत मिळणारी खरीखुरी, डेन्व्हरमध्ये आज विकायला असलेली टोयोटा. मनातली टोयोटा नव्हे. तरीही अडलंच तर त्यांना सांगा की टोयोटाने २००५ मध्ये सुबारूमध्ये हिस्सा घेतला आणि आज तो सुमारे पाचवा हिस्सा आहे.

माझं मत विचाराल तर: पट्ट्याची पावती आहे, सीव्हीटी शांत आहे, खालून ओल नाही, टायर चारही सारखे, असं निघालं तर साडेआठ हजारांतून थोडे कमी करून घ्या. पावती नसेल तर किमतीतून हजार कमी मागा आणि गाडी थेट गॅरेजमध्ये न्या, पट्टा बदलल्याशिवाय तीत बसून पाळीला जाऊ नका. सीव्हीटीबद्दल मेकॅनिकने तोंड वाकडं केलं तर मात्र भावात घासाघीस करू नका, सोडून द्या. २०१२ च्या आउटबॅक डेन्व्हरमध्ये पोत्याने आहेत.

निघण्याआधी काचेच्या खालच्या कोपऱ्यातला व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, उतरवून घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर त्यावर काही रिकॉल बाकी आहे का पाहा. त्या काळातल्या सुबारूंच्या पुढच्या प्रवाशाकडच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅग परत मागवल्या गेल्या होत्या. बदलून फुकट मिळतात, पण अजून बदललेली नसेल तर आधी ते काम. त्या क्रमांकाचा पहिला आकडा ४ दिसेल. जपानमध्ये बनलेल्या गाडीचा क्रमांक जे अक्षराने सुरू होतो, ४ म्हणजे अमेरिकेत बनलेली. तुमची आउटबॅक इंडियाना राज्यातल्या लाफायेत गावी जुळवलेली आहे. सासऱ्यांना कृत्तिकांची गोष्ट जरूर सांगा, पण ही एवढी सांगू नका. 'मग जपानी कशी म्हणायची?' म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील.